घार पिलाला ढकलत नाही, आत्या

आत्या, तुमच्या दिवसांना आलेल्या बायका चहा पिता पिता तुम्हाला देवमाणूस म्हणून गेल्या. मी कपबशा गोळा करत होते, म्हणून गप्प बसले. त्यातली एक तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "नातवावर काय माया होती गं म्हातारीची!" तुम्ही माझ्या पोटच्या पोराला घराबाहेर काढलंत, दारात आलेल्याला उपाशी परत पाठवलंत, आणि गावात कीर्ती तुमच्या मायेची. मेल्यावर माणूस फार स्वस्तात सुटतं.

मी सोडणार नाही. तुमची सून म्हणून तीस वर्षं एका चुलीवर काढली. सातवी पास होऊन आले होते, गावच्या शाळेत लागले, त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारणं सोडलंत. 'मास्तरीण' म्हणायला लागलात, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. आपलं भांडण कधी पुरं झालंच नाही. माझा मुद्दा जरा रंगात आला की तुम्ही पदर खोचून गोठ्याकडे चालू लागायचात. आता जायला गोठा नाही तुम्हाला. ऐका.

भांडण घारीवरचं होतं. खळ्यामागच्या उंच ऐनाच्या झाडावर तिचं घरटं. आपल्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या शेतात पसरायच्या आणि उन्हाळ्यात राब पेटवायचा. त्यासाठी थंडीतच ऐनाच्या फांद्या तोडून वाळत घालायच्या. घारीलाही घरटं बांधायला नेमकी तीच थंडी आणि तोच ऐन लागायचा. मग दरवर्षी तुमचा एकुलता एक लेक, म्हणजे माझे यजमान, डोक्याला उलटी टोपली बांधून, कोयता कमरेला खोवून झाडावर चढायचे. घार त्यांच्या टोपलीवर झडप घालायची आणि तुम्ही खालून ओरडायचात, "घारीचं बेचकं सोड रं बाळ्या, बाकीचं उतरव!" बाळ्याच्या कानामागं तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. घरटं शाबूत राहायचं. त्यातून तुमच्या हरवलेल्या हिरव्या चोळीची चिंधी लोंबत असायची आणि तिच्यासाठी तुम्ही मला महिनाभर बोल लावलेला असायचात.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते, त्या वर्षी घरट्यात दोन पिलं होती. आपल्या मागल्या दारातून दिसायची. मोठं आणि धाकटं यांच्यात फार फरक नव्हता, पण घार भक्ष्य घेऊन आली की मोठं धाकट्याच्या डोक्यावर चोच मारायचं, ते दबून बसायचं, आणि सगळं मोठं खायचं. घार बघत असायची. मधे पडायची नाही. मला ते बघवेना. मी यांना म्हटलं, वर चढून धाकट्याला काहीतरी टाकून या. हे तुमच्याकडे बघत उभे राहिले. तुम्ही तांदूळ पाखडत होतात, मान वर न करता म्हणालात, "एकाचं पोट भरतं हाय ना? मंग झालं." एका सकाळी घरट्यात एकच डोकं दिसलं. मी झाडाखाली शोधलं, काही पडलेलं नव्हतं. "खाली काय बघतंस?" तुम्ही म्हणालात. "थोरल्यानं खाल्लं त्याला." भाकरी थापता थापता मी उठून बाहेर गेले. तुम्ही माझी भाकरी उलटलीत आणि पुढची थापायला घेतलीत.

तेव्हा माझा विलास शाळेत माझ्याच वर्गात बसायचा. ते उरलेलं पिलू पंखांत बळ यायच्या आधीच फांद्या चढता चढता खळ्यात येऊन पडलं. वर त्याची आई घिरट्या घालून किंचाळत होती. तुम्ही म्हणालात, "राहू दे तितंच. आई वर हाय त्याची." विलास ऐकतोय कशाला! त्यानं त्याला टोपलीत घालून घरात आणलं. बोंबलाची डोकी, ओढ्यातले मासे, राखेत भाजलेले उंदीर, काय काय म्हणून घातलं त्याला. नाव ठेवलं राजा. माझा पोर सकाळी तोंड धुवायच्या आधी राजाला भरवायचा, आणि खरं सांगते, त्याला तसं बघून माझं पोट भरायचं. राजा उडायला शिकला. घरावरून एक फेरी मारायचा आणि येऊन ओट्याच्या कठड्यावर बसायचा, तोंड उघडून.

मग राब पेटले. तुम्हाला आठवत असेल, आपल्या खाचरांवर धूर चढला की कुठून कुठून घारी जमायच्या. आगीतून पळणारे सरडे, टोळ, उंदीर वरच्या वर उचलायच्या. त्यांच्यात त्या वर्षीची पोरंही असायची, अंगावर पांढुरके ठिपके असलेली. ती चुकायची, धुरात घुसून रिकाम्या पंजानं वर यायची, पुन्हा झेप घ्यायची. संध्याकाळपर्यंत एखाद्याच्या पंजात टोळ असायचाच. आमचा राजा कौलांवर बसून ओरडत होता. समोर एवढी पंगत मांडलेली, आणि हा विलासच्या हाताची वाट बघतोय. तुम्ही राबाच्या कडेला हातात ओली फांदी घेऊन आग आवरत होतात. घराकडे बघून म्हणालात, "ह्यो मेला." आणि पुन्हा आगीकडे वळलात.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं शेजाऱ्यांच्या नातीच्या हातातल्या भाकरीवर झडप घातली. पोरीचं मनगट फाटलं. शेजारी दारात येऊन वाटेल ते बोलले, तुम्ही त्यांना पाणी दिलंत, सुपारी दिलीत आणि वाटेला लावलंत. दिवेलागणीला विलास राजाला हाका मारत घराभोवती फिरत होता. तुम्ही गोठ्यामागून आलात, हात धुतलेत आणि त्याला जवळ बोलावलंत. मला वाटलं, म्हातारी आता चार गोड शब्द बोलेल, उडून गेला म्हणेल. कुठलीही आजी तेवढं खोटं बोलली असती.

"मी मारला त्याला," तुम्ही म्हणालात. "तू भरवून भरवून अर्धा मारलेलास. उरलेला मी."

आत्या, पोर होतं ते. तोंडाचा चंबू करून उभं राहिलं, आणि मग असं रडलं की उलटी झाली. तुम्ही ती उलटी पुसलीत, कुरकुर न करता. पण त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाहीत. मी तुमच्याशी किती तरी दिवस बोलले नाही, आणि तुम्हाला ते लक्षातही आलं नाही असं तुम्ही दाखवलंत. तेव्हाच एकदा भांडी घासता घासता म्हणालात, "घार काय करते माहीत हाय? पिलू मोठं झालं का ढकलून देते घरट्यातनं. ती काय रडत बसत नाय."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. कारण पुढच्या वर्षीची अख्खी मे महिन्याची सुट्टी मी मागल्या दारात बसून काढली, केवळ तुम्हाला खोटं पाडायला. दळण टिपत होते, डोळे ऐनावर. घार ढकलत नाही. पिलू घरट्याच्या काठावर येऊन पंख मारतं, शेजारच्या फांदीवर जातं, पडतं, चढतं. ते उडालं तरी आई त्याला कितीतरी दिवस खायला घालते. फक्त घास लांब नेते. आधी घरट्यात ठेवायची, तो मग पलीकडच्या फांदीवर घेऊन बसते. दिसेल असा. पिलू किंचाळतं, शिव्या देतं म्हणा ना, ती हलत नाही. भूक लागली की येतं उडत. मग ती दुसऱ्या झाडावर जाते. मग पंजात घेऊन हवेतच फिरते, आणि पिलाला तो उडता उडता घ्यावा लागतो. आणि मग कधीतरी ती काहीच आणत नाही.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही लसूण सोलत होतात. म्हणालात, "मंग? शेवटाला आणत नायच ना?"

"नाही आणत. पण आधी आणते, आत्या!"

"तेवढा वेळ घारीला असंल," तुम्ही म्हणालात आणि उठून गोठ्यात गेलात.

विलास मॅट्रिकला नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. मग ओट्यावर पडून राहायला लागला. मी शाळेतून आले की त्याला चहा करून द्यायचे, चहाबरोबर काहीतरी तळून द्यायचे. तुम्ही म्हणालात, "दुसरा राजा पाळलास." मी उसळले. माझा मुलगा आहे, माझ्या पगाराचं खातो, तुमचं काय जातं? असं म्हणाले मी, मागे घेत नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी कुणाला सांगितलं नाही, यांनाही विचारलं नाही की ऐकलंत का. हे दारात उभे होते, हातात बैलाची दावी.

"मी रांडावले तवा ह्यो एवढासा होता," तुम्ही यांच्याकडे बोट दाखवून म्हणालात, जसं काही हे तिथं नव्हतेच. "नवरा गेला, ह्यो बी जाईल म्हणून पदराखाली ठिवला. कोन बोललं तर मी भांडले, बाजाराला मी गेले, त्याच्या वाटचं सगळं मीच केलं. आता बघ. जेव म्हटलं तर जेवतो, झोप म्हटलं तर झोपतो. माज्या हातनं येक बिघडला. दुसरा नाय बिघडू देनार."

हे दावी खुंटीला अडकवून शांतपणे हातपाय धुवायला गेले. थोड्या वेळानं तुम्ही हाक मारलीत, "बाळ्या, जेवून घे," आणि हे आले, जेवले. त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. आणि त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं की तुम्ही स्वतःवरच चिडलेल्या आहात, आणि किंमत माझं पोर देणार आहे.

तुम्ही तुमच्या माहेरच्या कुणालातरी धरून त्याला रसायनीच्या एका कारखान्यात चिकटवलंत. ठेकेदाराकडचं काम, पिंपं धुवायचं. आठवडाभरात तो परत आला. दुपारची वेळ होती, माझी शाळा सकाळची होती म्हणून मी घरात होते. हाताची सालपटं निघालेली, डोळे लाल, चौक गावापासून चालत आलेला. "आये, मला भूक लागलीय," म्हणाला. मी चुलीकडे वळले, तर तुम्ही चुलीपुढं पाट टाकून बसलेल्या.

"तुज्या वाटचं शिजवलं नाय," तुम्ही म्हणालात.

"आजी, तिथं मला नाय जमत. हात बघ."

"बघितले. खोबरेल लाव. पाच वाजता यष्टी हाय."

मी तुमच्या अंगावरून हात घालून भाताचं पातेलं ओढलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचं वय झालं होतं, पण आयुष्यभर नांगर आणि मुसळ धरलेला हात तो. माझ्या बांगड्या फुटल्या. विलास ते बघत होता. माझी आशा होती की तो ओरडेल, पातेलं हिसकून घेईल, निदान तुम्हाला चार शब्द सुनावेल. त्यानं कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली आणि निघाला. मी मागं धावले, तर तुम्ही उंबऱ्यात आडव्या बसलात. "तू गेलीस का तो येतो परत," म्हणालात. "मंग दोन बाळे सांभाळ."

हे अंगणात उभे होते. विलास यांच्या शेजारून गेला. बाप लेकाला एवढंच म्हणाला, "जेवलास का रं?"

तेव्हापासून दिवाळीपर्यंत मी त्याचं तोंड बघितलं नाही. दिवाळीत मी तुम्हाला न विचारता गेले. पाताळगंगेच्या काठाकडे चौघांनी मिळून घेतलेली खोली होती. मी करंज्यांचा डबा नेला होता. त्यानं तो बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, बस. स्टोव्ह पेटवला. भात कच्चा, आमटी खारट. मला वाढलं, स्वतः नंतर बसला. हाताचं कातडं जाड झालं होतं, पिंपांवरून आता मशीनवर गेलो म्हणाला. मी तो खारट घास गिळत होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते. त्या शिव्या देताना माझी मान ताठ झाली होती, हेही सांगते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

तुम्ही मलाही एकदा असंच बाहेर लोटलं होतंत, आत्या. शाळेची ऑर्डर आली तेव्हा गाव म्हणालं, सून पोरांना शिकवायला जाणार आणि म्हातारी भाकऱ्या थापणार. मी घाबरून नको म्हणणार होते. तुम्ही माझी चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवलीत आणि म्हणालात, "पाय तुजे हायत. चाल." तेव्हापासून शाळेच्या वेळेला माझ्या वाटची भाकरी तुम्ही थापलीत. माझ्या नावावर जे काही आहे, ते त्या चपलेमुळे. मी तुमचे उपकार मानते. पण ते मानताना माझे दातओठ खाल्ले जातात, त्याला माझा इलाज नाही.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत. मीच निरोप धाडला. तो रविवारी आला, तुमच्या उशाशी बसला. तुम्ही म्हणालात, "हात दाखव." त्यानं पुढे केला. तुम्ही तो दोन्ही हातांनी चाचपलात, वांगी घेताना बाजारात चाचपायचात तसा. "हं," म्हणालात. मग म्हणालात, "जा आता. कामाची पाळी चुकंल." आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी मुद्दाम वळसा घालून त्या बाजूला गेले, रडताय का बघायला. नव्हतात रडत. झोपला होतात.

तुम्ही गेलात. हे दिवसात दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि विचारतात, जेवू का? मी हो म्हणेपर्यंत बसत नाहीत. तुमचा हा एक माझ्या पदरात टाकून गेलात, न विचारता. सांभाळीन. मला आवडतात ते, हे तुम्हाला कधी समजलं नाही.

आता राहिलेलं सांगते. दिवस उरकले, बायका गेल्या, विलास माळ्यावर पाट चढवत होता. माझ्या मनात एक आशा कधीपासून दडून बसली होती. मला वाटायचं, तुम्ही तेव्हा चोरून गेला असाल त्याच्याकडे. कधी बाजाराच्या निमित्तानं, कधी माहेरच्या. फडक्यात दोन भाकऱ्या बांधून. मला सांगायला तुमचा ताठा आडवा आला, म्हणून बोलला नसाल. मी घारीचं सगळं तुम्हाला सांगितलं होतं ना, घास लांब नेते म्हणून. त्यातलं थोडं तरी तुमच्या कानात राहिलं असेल. तेवढं असतं तरी मी तुम्हाला माफ केलं असतं.

मी विचारलं, "आजी कधी आली होती का रं तुझ्याकडे?"

"नाय."

"कुणाहाती काय पाठवलंन?"

"काय नाय." शेवटचा पाट वर ठेवून तो खाली उतरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रोज कारखान्याच्या फाटकाशी बघायचो मी. आली असती, तर तिचा हात धरून परत आलो असतो, आये. आणि इथं बाबांशेजारी बसलो असतो."

आत्या, तुम्ही खरोखरच काही दिलं नाहीत. एक घासही नाही. मी हे ऐकून तुमच्या बाजूनं झाले असं समजू नका. घार ढकलत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं चुकलं, आणि पोर उभं राहिलं, आणि ही दोन्ही एकदम कशी खरी, ते मला शाळेत इतकी वर्षं शिकवूनही उलगडत नाही.

विलास संध्याकाळच्याच यष्टीनं निघाला. रजा शिल्लक आहे म्हणाला होता, तरी निघाला. मी त्याच्या पिशवीत काही घातलं नाही, कारण त्यानं पिशवी माझ्या हातात दिलीच नाही. फाटकापर्यंत गेले. 'उद्या जा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि मी म्हटलं असतं तर तो राहिला असता, माझा मुलगा आहे तो. मी नाही म्हटलं. यांनी मागून म्हटलं, "थांबव ना गं त्याला." मी यांचा हात घट्ट धरून ठेवला. तो बांधावरून गेला, वळणावर दिसेनासा झाला. एकदाही मागं बघितलं नाही त्यानं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं झालं. मला नाही वाटलं बरं. मला भरून आलं, आणि मी यांचा हात सोडला नाही.